चौथा कोपरा

भद्रावती, नोव्हेंबरअखेर, रविवार

थंडी पडली. दरवर्षी या दिवसांत अंगणातल्या उन्हात गोधडी पसरून शिवत बसते, शेजारी चहा. तेवढंच माझं सुख. आज पेटी उघडली तर वरच दुपटं, भाची प्रीतीच्या बाळासाठी शिवायला घेतलेलं. चौथा कोपरा शिवायचा राहिलेला.

बाळ यायच्या आधी त्याचं काही शिवू नये म्हणतात. शेजारच्या कमलबाईंनी हटकलंही होतं, "काऊन घाई करून राह्यली? येऊ दे त्याले आधी." मी हसले. आमच्या घरी असलं मानत नाहीत. मीही मानत नाही.

गेल्या आठवड्यात प्रीतीचं बाळ पोटातच गेलं.

दुपट्यामुळे बाळ जात नाही, हे मला कळतं. मग दुपारभर तो कोपरा बघून का रडले? उसवायला कात्री घेतली, तेवढ्यात तिचाच फोन.

"मावशी, दुपटं झालं का?"

"एक कोपरा राह्यला, बेटा."

"मंग राहू दे. शिवू नको, उसवू पण नको. मले तसंच दे."

कमलबाईंनी हटकलं तरी मी शिवत राहिले, हे तिला कोणी सांगितलं असेल का? विचारायचा धीर झाला नाही. दुपट्याची घडी घालते आहे. उघड्या कोपऱ्यातून माझ्या जुन्या साडीच्या चिंध्या बाहेर येतात. आत ढकलते, पुन्हा येतात.