चॅसीवरचा चंदेरी रंग

मंगळवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. दसरा झाल्यापासून वडिलांची जुनी जीप सकाळी चालू होत नाही, आणि दादाचं एकच पालुपद: "हीटरचा दिवा विझून इंजिन तापेपर्यंत तुला दम निघत नाही. बाईच्या हातात डिझेल गाडी द्यायचीच नाही." पिंपळगावला टोमॅटो निवडायला माझ्यासोबत जीपने येणाऱ्या बायका रोज धक्का मारतात आणि मी खालमानेने चावी फिरवते. का पण? खालमानेने का?

आज मीच बॉनेट उघडलं. बॅटरी नवी, तरी स्टार्टर मारला की दिवे मंद. बॅटरीची काळी वायर चाचपत चॅसीपर्यंत, गाडीच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत गेले. बोल्टखाली चंदेरी रंग! दसऱ्याच्या पूजेसाठी दादानेच वायर काढून चॅसी रंगवली आणि रंगावरच वायर परत आवळली. रंगातून करंट जाणार कसा? सुरीने खरवडला, बोल्ट घट्ट केला. पहिल्याच स्टार्टरला गाडी चालू.

आवाज ऐकून दादा बाहेर आला. "बघ, आज थांबलीस ना दिवा विझेपर्यंत?"

मी चंदेरी नखं त्याच्या डोळ्यांसमोर धरली. त्याने नुसता हात पुढे केला, "चावी दे."

दिली नाही. आता देणारही नाही.