केब झालेली

एल्स्डन, २८ मार्च १९१९

ती. मामंजी यांस,
सा. न. वि. वि.

तुमचा खुबा कसा आहे? इस्पितळात अजून किती दिवस ठेवणार? ह्यांचं कोलोनहून पत्र आलं. फौजेतून सुटका अजून नाही.

तुमच्या चिठ्ठीत होतं, ‘बर्फाआधी हॉग खाली आण, गिमर विकू नकोस.’ आमच्या नॉर्विचला हॉग म्हणजे डुक्कर. दोन तास डोंगरावर डुकरं शोधली! गिमर ही कुत्री असेल म्हणून हाका मारल्या. शेजारची मेग पोट धरून हसली, पण नीट सांगेल तर शपथ. काय आणू, काय ठेवू?

तुमच्या लोभातली,
अॅनिस

हेक्सम, ३० मार्च

चि. सौ. अॅनिस हिस अनेक आशीर्वाद.

अगं वेडे, हॉग म्हणजे गेल्या वर्षीचं कोकरू, अजून लोकर न कातरलेलं. गिमर म्हणजे तरुण मादी. ती विकलीस तर कळपच संपला. इथली परिचारिका विचारते, पत्र वाचून एवढे का हसता?

एक लक्षात ठेव. एखादी मेंढी केब झाली तर तिला आडोशाला घे, ओट जास्त घाल.

माया आहेच.
कथबर्ट हेडली

एल्स्डन, २ एप्रिल

ती. मामंजी यांस सा. न.

हॉग खाली आणले. सगळे पंचेचाळीस.

आज एका मेंढीला मेलेलं कोकरू झालं. मेग म्हणाली, ‘केब झाली बिचारी.’ ऑक्टोबरात आपलं बाळ जन्मतःच गेलं, तेव्हा दाराआड तुम्ही मेगच्या नवऱ्याला सांगत होतात, ‘सूनबाई केब झाली.’ सहा महिने मी धरून बसले, केब म्हणजे कुचकामी, टाकाऊ. म्हणून तुमच्याशी तुटक वागले. ट्रंक भरून ठेवली आहे; शनिवारी आईकडे जायला गाडी सांगितली आहे. आता काहीच कळेनासं झालंय. ती शिवी होती की नव्हती? खरं काय ते लिहा.

अॅनिस

हेक्सम, ३ एप्रिल

चि. अॅनिस,

शिवी नव्हे गं. जिचं पिल्लू मेलेलं जन्मतं ती केब. जन्म मेंढरांशी बोलण्यात गेला. रडू येत होतं आणि तोंडात दुसरा शब्द आला नाही. तुझ्या नवऱ्याच्या, गॉवेनच्या आधी त्याच्या आईचीही दोन गेली. तेव्हाही मला बोलता आलं नाही. मेंढीला आडोसा देतो, ओट घालतो. तुला तर साधं ‘बस पोरी’ म्हटलं नाही. चुकलो.

जायचं तर जरूर जा, कळप मेग बघेल. पण तुमच्या नॉर्विचला अशा बाईला काय म्हणतात, तेवढं कळव. तोच शब्द वापरीन.

तुझा,
मामंजी

एल्स्डन, ५ एप्रिल

ती. मामंजी,

गाडी आली होती. गाडीवानाला चहा पाजून परत पाठवलं.

आपल्याच पिल्लाचा वास येऊन केब मेंढीनं जवळ घ्यावं म्हणून मेगनं मेलेल्या कोकराचं कातडं एका पोरक्या कोकराला पांघरलं होतं. दोन दिवस मेंढी त्याला लाथा मारत होती. मी तिचं डोकं धरून बसले. आज पहाटे तिनं त्याला पाजलं.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर. नॉर्विचला अशा बाईला काहीच म्हणत नाहीत, मामंजी. नुसते गप्प बसतात. तुम्ही केबच म्हणा.

तुमची,
अॅनिस