काटा अर्ध्यावर

लेह,
सप्टेंबरची अखेर

प्रिय यांगडोल,

हे पत्र पुंचोकच्या हाती पाठवतेय. वाटाण्याची पोती भरायला त्याचा ट्रक उद्या तुमच्या ग्या गावात येतोय, तेव्हा तुझ्या मावशीच्या दारातच थांबेल. फोन केला नाही. मागच्या वर्षी केला होता, तेव्हा तू 'जुले' म्हणालीस, माझा आवाज ओळखलास आणि ठेवून दिलास. मग तो नंबरच बंद झाला. राग नाही आला मला. पत्राचं बरं असतं, नको वाटलं तर बाजूला ठेवता येतं आणि धीर झाला की पुन्हा उचलता येतं. तू नक्की उचलशील असं धरून लिहितेय.

मी अजून त्याच दुकानात आहे, बाईक भाड्याने देते. तुला वाटलं असेल मी ते काम सोडलं असेल. सोडणार होते, पण घरी बसून आम्ही मायलेकींनी, अमा-लेंनी माझ्याकडे आणि मी त्यांच्याकडे, बघत राहायचं, त्यापेक्षा इथे माणसांचा गलबला बरा. गिऱ्हाईक तसंच आहे. कालच एक जोडपं आलं. पोरगा म्हणाला, "मॅडम, टाकी तपासायची गरज नाही, काटा अर्ध्यावर आहे." मी म्हटलं, "दादा, तो काटा गेल्या हंगामापासून अर्ध्यावर आहे. तुम्ही पँगाँगला जाऊन या, तो तुमच्या स्वागताला अर्ध्यावरच उभा असेल." बायको खो खो हसली, तो मात्र रुसला. मी टाकीचं झाकण उघडून प्रत्येकाला आत बघायला लावते. बाईक हलव, आवाज ऐक, मग चावी घे. मालक वैतागतो. म्हणतो, तू गिऱ्हाईक घाबरवतेस. घाबरू देत. आणि तुला म्हणून सांगते, अचोची, माझ्या थोरल्या भावाची, बाईक मी जपून ठेवलेली नाही. मालकाने ती दुरुस्त केली, टाकीला निळा रंग दिला आणि भाड्याला लावली. मीच तिची चावी लोकांच्या हातात ठेवते. पहिल्यांदा दिली तेव्हा तो गुजराती मुलगा विचारत होता, "ही चांगली आहे ना?" मी म्हटलं, "चांगली आहे," आणि आत जाऊन रडले.

तुमची पहिली भेट अचोने घरी किती वेळा सांगितली असेल! पर्यटकांची सहल नेताना डेब्रिंगच्या अलीकडे त्याची बाईक बंद पडली, आणि काटा टाकी भरलेली दाखवत होता. ऐन उन्हात बाईक ढकलत तो तुझ्या चहाच्या तंबूपाशी आला आणि सगळी पर्यटक मंडळी मागून टाळ्या वाजवत आली. तू विचारलंस, "काय झालं?" तो म्हणाला, "काट्याने दगा दिला." आणि तू म्हणालीस, "काटा बघून गाडी चालवतोस? मग घड्याळ बघून जेवत असशील, भूक नसली तरी." हे सांगताना तो तुझी नक्कल करायचा, कमरेवर हात ठेवून. त्यानंतर त्याची प्रत्येक सहल तुझ्याकडेच चहाला थांबू लागली. पर्यटक म्हणायचे, अहो, आत्ताच तर पांगच्या थांब्यावर खाल्लं! अमा-ले म्हणायच्या, "त्या तंबूत काय सोनं शिजतं का रे, थिनलस?" तो म्हणायचा, "मॅगी शिजते, अमा-ले. पण ढवळणारी बघा एकदा." मग एका थंडीत तू आलीस. अमा-लेंनी केलेलं स्क्यू खाल्लंस आणि सगळ्यांसमोर सांगितलंस की मीठ कमी आहे. मला वाटलं, आता संपलं. अमा-ले उठल्या, मीठ आणलं, तुझ्या वाटीत घातलं आणि तिथेच म्हणाल्या, "ही तोंडावर बोलते. हिला आण." आई नसलेली मुलगी म्हणून दया दाखवली असती तर तुला आवडलं नसतं, हे त्यांना लगेच कळलं होतं.

त्या दिवसाबद्दल मला लिहावंच लागेल. तुलाही ते वाचावं लागेल. आपण दोघींनी ते कधी एकमेकींसमोर उच्चारलेलं नाही. आपल्याला तेव्हा एवढंच ठाऊक होतं की हंगामातली ती शेवटची सहल होती, सामानाचा आणि पेट्रोलचा टेम्पो क्लच जळून पांगलाच अडकला होता, आणि अचो सगळ्यांच्या शेवटी चालला होता. दुपारी तुझ्याकडे सगळ्यांनी चहा घेतला. मंडळी तांगलांग ला घाटाच्या चढाला लागली आणि बर्फ सुरू झालं. सगळे पलीकडे रुमत्सेला उतरले, अचो उतरला नाही. दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कामावरच्या माणसांना तो तुझ्या तंबूच्या मागच्या अंगाला, मेंढ्यांच्या वाड्याजवळ सापडला. बाईक वर वळणावर उभी होती, नीट स्टँडवर लावलेली. रस्ता सोडून तो मधल्या पायवाटेने उतरला होता. तुला भेटायला यायचा तेव्हा नेहमी त्याच वाटेने यायचा. त्या बर्फात त्याला तंबू दिसलाच नसेल, आणि वाऱ्यात तुला त्याची हाक ऐकू आली नसेल.

मग ग्यामध्ये लोक बोलायला लागले. त्या सकाळी एका एकट्या परदेशी बाईकवाल्याला तू तंबूतला पेट्रोलचा शेवटचा डबा दिला होतास, हे सगळ्यांना कळलं होतं. "स्वतःच्या माणसासाठी थेंब ठेवला नाही पोरीने," असं कुणीतरी म्हणालं आणि ते फिरत फिरत आमच्या घरी, पूजेला बसलेल्या भिक्षूंपर्यंत येऊन पोचलं. तू दुसऱ्या दिवशी आलीस. स्वयंपाकघरात शिरलीस, लोणी-मिठाचा चहा घुसळलास आणि पहिली वाटी अमा-लेंसमोर धरलीस. अमा-लेंनी तोंड फिरवलं. मी दारात होते, मी ते पाहिलं. तू वाटी खाली ठेवलीस, मला 'येते' म्हणालीस आणि गेलीस. मग कळलं की तंबूही उठवलास आणि केलाँगला कुठल्याशा गेस्टहाऊसमध्ये कामाला लागलीस.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्याकडे पाहुणे आले. अचोच्या त्या सहलीतले कोलकात्याचे भादुडी नवराबायको, दोघंही साठीच्या पुढचे. पत्ता विचारत विचारत आले, हातात रसगुल्ल्यांचा डबा. अमा-लेंना ते कसे खायचे कळेना, म्हणून त्यांनी आधी पाक पिऊन टाकला. त्यावर काकू हसल्या आणि हसता हसताच रडायला लागल्या. सगळं काकूंनीच सांगितलं. तेव्हा तू आमच्याजवळ बसलेली असायला हवी होतीस, यांगडोल. त्यांच्याच शब्दांत लिहायचा प्रयत्न करते.

घाटाच्या वरच्या वळणांवर त्यांची बाईक बंद पडली. काटा अर्ध्यावर होता. काका म्हणत होते, इंजिनच गेलं असणार. अचो मागून आला, टाकीला कान लावला, बाईक हलवली आणि म्हणाला, "काका, तुमचा काटा फार आशावादी आहे. आत काही नाही." बाकीची मंडळी पुढे निघून गेली होती. बर्फ वाढत होतं आणि काकूंना श्वास पुरत नव्हता, त्यांचे ओठ काळेनिळे पडले होते. काका म्हणाले, खाली तंबूत जाऊन पेट्रोल आण. अचो म्हणाला, "तिथला डबा आज रिकामा आहे, काका. आणि भरलेला असता तरी मी गेलो नसतो. जाऊन येईपर्यंत काकूंना इथे बसवायचं नाही. यांना आत्ताच्या आत्ता पलीकडे उतरवायला हवं." त्याने स्वतःच्या टाकीत नळी घातली, तोंडाने ओढली आणि पेट्रोल तोंडात गेल्यावर थुंकत म्हणाला, "काकू, आता तरी सांगा, दुपारचा आमचा खारट चहा यापेक्षा बरा होता की नाही?" काकूंनी तो चहा तुझ्या तंबूत अर्धा टाकला होता म्हणे.

भरलेला असता तरी मी गेलो नसतो. हे वाक्य मी काकूंकडून पुन्हा म्हणवून घेतलं. तू तो डबा कुणाला दिलास, त्याचा आणि अचोच्या जाण्याचा काही संबंध नाही, यांगडोल. तू डबा ठेवला असतास तरी त्याने त्या वळणावर हेच केलं असतं. तू त्याला माझ्यापेक्षा जास्त ओळखतेस. श्वास कोंडलेली बाई रस्त्यावर ठेवून तो खाली आला असता का?

काका म्हणाले, मग तू आमच्या मागे बस. तो म्हणाला, "तिघांना घेऊन ही चढणार नाही. तुम्हा दोघांनाच ओढताना धापा टाकतेय." आणि तुझं काय, असं काकूंनी विचारलं, तर खाली बोट दाखवून म्हणाला, "माझी काळजी नको. खाली माझं सासर आहे. अजून लग्न व्हायचंय, पण जेवण आत्तापासून मिळतं." काकूंनी मागे वळून पाहिलं तेव्हा तो हात हलवत होता आणि मोठ्याने काहीतरी गात होता. पलीकडे उतरल्यावर त्यांनी माणसं पाठवायला खूप आटापिटा केला, पण तोवर घाट बंद झाला होता. हे सांगताना काकांनी अमा-लेंचे पाय धरले. अमा-लेंनी त्यांना उठवलं आणि एवढंच विचारलं, "गात होता ना? नक्की?"

त्या रात्री मी अमा-लेंना विचारलं, यांगडोलच्या हातचा चहा तुम्ही का घेतला नाहीत? मला वाटायचं, लोकांचं बोलणं त्यांनाही पटलंय. त्या म्हणाल्या, "चहा? मी चहा पाहिलाच नाही. तिच्या गळ्यात त्याची मफलर होती." ती त्यांनीच विणलेली तपकिरी मफलर. दुपारी तंबूत वारा शिरत होता म्हणून अचोने तुझ्या गळ्यात घातली होती, हे मला तुझ्या मावशीकडून नंतर कळलं. अमा-ले म्हणाल्या, "आणखी थोडा वेळ बघितलं असतं तर मी तिथेच किंचाळले असते. मग त्या पोरीने काय केलं असतं? म्हणून मान वळवली. पुन्हा वळून बघितलं तर ती निघून गेली होती. मला वाटलं, तिला आता हे घर नकोसं झालं." बघ कशा आहात तुम्ही दोघी. एकीने दुसरीसाठी मान वळवली आणि दुसरी त्यावरून गाव सोडून गेली. एवढं तोंडावर बोलणाऱ्या तुम्ही, आणि नेमक्या त्याच दिवशी गप्प राहिलात!

आता हे सगळं आजच का लिहितेय ते सांगते. पुंचोकनेच बातमी आणली. तू ग्याला परत आलीस आणि कापणी आटोपली की तुझं लग्न आहे, स्कुरबुचनच्या कुणा मास्तरांशी. माणूस शांत आहे, हसरा आहे, असं तो म्हणाला. आणि हेही म्हणाला की लेहमध्ये कुणाला कळू द्यायचं नाही असं तू बजावलंयस, आमच्या कानावर जायला नको म्हणून. ऐकून मला आनंद झाला असं लिहिणार नाही, तुला ते खोटं लगेच कळेल. मी गोठ्यात जाऊन बसले. तू नणंदेच्या हाताखाली रागावत, भांडत, या घरात म्हातारी होशील असं मी ठरवून टाकलं होतं. अमा-ले मला शोधत आल्या. म्हणाल्या, "रडून घे, पण लवकर आटप. पोरीला आई नाही. तिला निरोप द्यायला कोण उभं राहणार आहे?" मग त्यांनी पेटी उघडली आणि तुझ्यासाठी ठेवलेला लाल रेशमी गोंचा बाहेर काढला. मी म्हटलं, अमा-ले, हा तर आपल्या सुनेसाठी शिवला होता. त्या म्हणाल्या, "माप तर तिचंच आहे ना? दुसऱ्या कुणाला होणार?" काल दिवसभर उन्हात बसून त्यांनी त्याची कड पुन्हा शिवली. आम्ही दोघी येतोय, यांगडोल. तू नको म्हणालीस तरी येतोय. मुलीकडच्या रांगेत अमा-ले बसतील, तुझ्या गळ्यात पांढऱ्या रेशमाचा पहिला खताग त्याच घालतील आणि तू निघताना जे काही रडायचं असतं ते आम्ही रडू. कशासाठी रडतोय ते त्या दिवशी कुणी विचारणार नाही. फक्त तेवढं मास्तरांना आधी सांगून ठेव. आम्ही कोण असं त्यांनी विचारलं तर घाबरू नकोस, अडखळू नकोस. माहेरची माणसं आहेत, म्हणून सांग.

तुझीच बहीण,
कुंझेस