चहाशिवाय बसावं कुठी

मूल,
३ मार्च २०२५

ती. देवाजी भाऊस,
मनकर्णाचा सप्रेम जयभीम वि. वि.

काल घुग्घुसवरून बसनं घरी पोचली. कमर पार मोडली. फोनवर तुले आयकू येत नाई, खाणीतल्या सुरुंगांनी तुहे कान खाल्ले. मोबाईलवरचं बारीक अक्षर तुले दिसत नाई. म्हणून मोठ्या अक्षरात हे पत्र लिहून राह्यली. माही शाळा चौथीपर्यंतची, चुका काढत बसू नको.

चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईनं जे सांगतलं ते तुले आयकू आलंच नसंल. तू नुसता मान हालवत होता, मी पाहत होती. साखरेनं तुही किडनी खराब होऊन राह्यली. अर्धी गेली. उरली तेवढी वाचवाची असंल तं चहा बंद, ते काळं कोल्ड्रिंक बंद, उसाचा रस बंद. तहान लागली का पाणी पे, नाई लागली तरी पाणीच पे. यात समजाले कठीण काय आहे?

तुह्या चहाले चहा तरी कोण म्हणंल? कप उलटा केला तं बुडाची साखर खाली पडत नाई. खाणीतून रिटायर झाला अन् इसरूच्या टपरीवर ड्युटी लावून घेतली. सकाळी जातो, जेवाले येतो, पुन्हा जातो. घाम आला का कोल्ड्रिंकची बाटली. रिनाले मी सांगून आली, साखरेचा डबा आलमारीत ठेव अन् किल्ली नवऱ्यापाशी, मिथुनपाशी दे. ती सून आहे, बिचारी तुले बोलत नाई. मी बोलते.

मी काऊन एवढी तणतण करते ते तुले ठाऊक आहे. तुहे भाटवे, आमचे धनराज, ट्रकवर होते तवा असेच कोल्ड्रिंकच्या बाटल्यांवर रातभर जागत. मंग तीन वर्षं त्याइले घेऊन डायलिसिसले चंद्रपूर. पहाटची बस, दिवसभर दवाखान्याचा बाक, अन् उलट्या करत वापस. धनराज गेले तवा मी रडली पण नाई, इतकी थकली होती. पुन्हा त्या बाकावर बसाची माह्यात ताकद नाई भाऊ. तुह्यासाठी पण नाई. आधीच सांगून ठेवते.

घरी सगळ्याइले जयभीम सांग. जीव लावतो तसाच लावत राह, अन् पाणी पे.

तुही बहीण,
मनकर्णा


घुग्घुस,
१६ मार्च २०२५

चि. मनकर्णास,
देवाजीचा जयभीम अन् आशीर्वाद.

तुहं पत्र भेटलं. अक्षर एवढं मोठं का पोस्टमननं सायकलवरूनच वाचलं असंल. तू पत्रातही ओरडूनच बोलते, म्हणून मले बरोबर आयकू येते.

चहा बंद केला. खोटं बोलत नाई. पहिले काही दिवस डोकं असं दुखे का भिंतीवर आपटावं वाटे. नातीवर विनाकारण खेकसलो. आता डोकं शांत आहे. रिना सकाळीच पाण्याचा गुंड भरून माह्यापाशी ठेवते, तो संध्याकाळपर्यंत संपवतो. साखर तपासली, उतरली आहे.

बाकी बातमी काही नाई. खिडकीतून कोळशाचे ट्रक पाहत राहतो. एक गेला का दुसरा. धूळ लय आहे, म्हणून बाहेर निंगत नाई. तू राईस मिलमध्ये जास्त वजन उचलू नको.

माया आहे तशीच असू दे.

देवाजी


घुग्घुस,
३० मार्च २०२५

ती. आत्याबाईंना,
रिनाचा जयभीम. तुमची तब्येत बरी असंल अशी आशा करते.

फोनच केला असता, पण आपलं घर दोन खोल्याचं. मामाजीले आयकू येत नाई, तरी माह्या तोंडाकडे पाहून त्याइले सगळं समजते. म्हणून लपून लिहून राह्यली.

मामाजीची साखर उतरली हे खरं आहे. पण माणूसही उतरून गेला. दिवसभर खिडकीत बसून राहतात. अर्ध्या जेवणावर उठतात. कानाची मशीन काढून डब्यात टाकून देली. टपरीकडे फिरून या म्हटलं तं धूळ आहे म्हणतात. सारी जिंदगी कोळशाच्या खाणीत काढलेल्या माणसाले धूळ!

परवा त्यांचे खाणीतले जोडीदार लटारूभाऊ घरी आले होते. ते सांगत होते का मामाजी चहा सोडल्यावर टपरीवर येऊन गेले, बिनाकपाचे बसले अन् लगेच उठून निंगाले. मंग मी पोरीच्या पाटीवर लिहून मामाजीले विचारलं. त्याइनं पाटी पुसून टाकली. मंग म्हणे, हातात कप असला का माणूस चहा पेऊन राह्यला असं दिसते. त्याले कोणी काही विचारत नाई. बाकीचे हसले तवा तोही हसला तं चालून जाते. रिकाम्या हातानं बसलो का कोणी ना कोणी विचारतेच. मले आयकू येत नाई, मी भलतंच सांगतो. मंग ते कानापाशी येऊन ओरडतात, अन् कोणालेच मजा येत नाई.

आत्याबाई, त्याइले एक कप देऊ काय? घरी बिनसाखरेचा करून देला तं घेत नाई. म्हणतात, खिडकीत बसून कप धरून काय करू? अन् टपरीवर चहा उकळाले एकच गंज असते, साखर पहिलेच पडलेली. मिथुन म्हणते, एक कप घेऊ दे, किती दिवस त्यांचं असं तोंड पाहाचं. पण एकाचे पुन्हा किती होतील हे मलेही दिसते. तुमाले शब्द देला म्हणून ते अडून आहेत. तुमीच सांगा काय करू.

आमच्यावर लक्ष असू द्या.

तुमची सून,
रिना


मूल,
५ एप्रिल २०२५

ती. देवाजी भाऊस,
मनकर्णाचा जयभीम वि. वि.

रिनानं मले सगळं लिहिलं. तिच्यावर चिडाचं नाई. चहा भेटणार नाई. एक पण नाई. हे पहिलेच लिहून टाकते, म्हणजे पुढचं तू धीरानं वाचशील.

पत्र वाचून मले आधी रागच आला. इकडं किडनी जाऊन राह्यली अन् याले कप पाह्यजे म्हटलं. त्या रागात दोन दिवस मिलमध्ये पोत्यांशी भांडली. मंग दुपारी आमी बायका चहा घेऊन बसलो तं वच्छलाकडे नजर गेली. ती कोणाशीच बोलत नाई. कप घेऊन बसते, संपला का उठते. तरी ती नाई आली तं आमी विचारतो, वच्छला कुठी गेली. तिच्या हातचा कप काढून घेतला तं ती कुठी बसंल, ते मले सांगता येईना.

तं आता आयक. बिनाकपाचं बसता येत नसंल तं बसूच नको. उभा राह. जयंती आली आहे. तुह्या वस्तीतले पोट्टे दरसाल रस्त्यावर लाल-पिवळं शरबत वाटतात अन् दुसऱ्या दिवशी घरी जाऊन झोपतात. यंदा पाणपोई मांडा म्हणा, पुरा उन्हाळा. टपरीच्या बाजूच्या निंबाखाली दोन रांजण, त्यावर ओलं फडकं, अन् लांब दांड्याचं एक ओगराळं. पाणी वाढाले तू. पाणी वाढणाऱ्याले कान लागत नाई. तहानलेला माणूस ओंजळ पुढं करते, पुरे झालं का मान हालवते. त्यात आयकाचं काय आहे?

नाई म्हणू नको. तुमच्या मंडळाच्या कुलदीपले मी फोन केला. तो हो म्हणाला, म्हणजे तूही म्हणाला.

राग आला तरी बहीण म्हणून जवळ ठेव.

मनकर्णा


घुग्घुस,
११ मे २०२५

चि. मनकर्णास,
देवाजीचा जयभीम.

उत्तराले उशीर झाला. टाईमच भेटत नाई.

पहिल्या दिवशी ओगराळ्याचा अंदाज येत नव्हता. एका ड्रायव्हरच्या पँटवर अर्धं ओगराळं सांडलं. तो लय काही बोलला. मले आयकू आलं नाई, फायदाच झाला. आता हात बसला. शिफ्ट सुटली का मोटरसायकली थांबतात. काळ्या तोंडाचे पोट्टे आधी तोंड धुतात, मंग पेतात. ट्रकवाले कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या आणून पाणी भरून नेतात. इसरू पहिले फुगून बसला होता, माह्या टपरीपाशीच फुकटचं दुकान मांडलं म्हणून. आता या तापात त्याचाच चहा कोणी पेत नाई, तं तोच सकाळी रांजण धुऊन ठेवते.

लटारू आपला कप घेऊन रांजणापाशी येऊन बसते. तो काही बोलत नाई, मीही नाई. माह्या हातात ओगराळं असते. लोकायले पाजता पाजता मीही पेत राहतो, मोजत नाई.

जयंतीच्या दिवशी कोणीतरी हातात चहा देला. अर्धा पेलो. अर्धा लटारूले देला. लपवत नाई.

मिथुनसंगं चंद्रपूरले जाऊन आलो. डॉक्टरीणबाईनं या बारीनं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देलं. गेली ती किडनी वापस येणार नाई. पण मार्चपासून पुढं बिघडली पण नाई. आहे तिथीच आहे. डायलिसिसचं सध्या नाव नाई.

आता उठतो, पाण्याचा टँकर आला. आठवण ठेवत जा.

देवाजी


मूल,
१७ मे २०२५

ती. देवाजी भाऊस,
जयभीम.

अर्ध्या कपाचं मी तिकडं आली का पाहून घेईन.

बाकीचं पत्र मिलवर जाताना दारातच वाचलं. डॉक्टरीणबाईचं पुन्हा वाचलं. मंग चप्पल काढली, पाणी पेली, अन् जरा टेकावं म्हणून चटईवर पडली. तिथीच डोळा लागला. वच्छला बोलवाले आली होती म्हणे, दार वाजवून वाजवून एकटीच गेली. उठली तं दिवे लागले होते. धनराजच्या दुखण्यापासून मी कधी दिवसा झोपली नाई. आजची हजेरी बुडाली. बुडू दे.

माया असू दे, पण दोन-चार दिवस पत्र पाठवू नको. अजून झोप बाकी आहे.

तुही,
मनकर्णा