गाडी थांबली की फोन

३ डिसेंबर

आठ दिवस वहीला हात लावला नाही, चुकलंच. धुकं पडायला लागलं की मला काही सुचत नाही.

मुलगा सिमेंटचा ट्रक घेऊन घाटापलीकडे गेलाय. सकाळी फोन केला, दुपारी केला, चहानंतर केला. उचलतो. "हो बाबा, जेवलो. हो, हळूच चालवतोय." मागे इंजिनाची घरघर. तेवढं ऐकलं की घास उतरतो.

सून म्हणते, "बाबा, त्याला गाडी चालवू द्या की जरा."

तिला काय कळतंय. मी जन्मभर गोदामाच्या फाटकावर बसलो. बाहेर गेलेली प्रत्येक गाडी परत येत नाही.

४ डिसेंबर

संध्याकाळी फोन उचलला नाही. मी थेट त्याच्या कंपनीत लावला. त्यांनी म्हणे मागेपुढे असलेल्या सगळ्या ड्रायव्हरांना विचारलं.

५ डिसेंबर

आला. चिडलेला. "बोगद्यात होतो बाबा. आख्ख्या यार्डात हसं झालं. 'घरी सांगून आलास ना, बाळ?' म्हणून विचारतात मला." मग माझा चेहरा बघून निवळला. "बरं, उद्या पुन्हा निघतोय, यापुढे पहिल्या रिंगला उचलीन. झालं समाधान?"

झालं.

९ डिसेंबर

कंपनीने ड्रायव्हरांच्या घरच्यांना बोलावलं होतं. रस्ता सुरक्षेची सभा. यार्डातच खुर्च्या, डिझेलचा वास. सेफ्टी ऑफिसर बाई सुनेच्या वयाची. म्हणाली, "भाषण नाही देत. एक दाखवते. कालपरवाचंच आहे."

केबिनमधल्या कॅमेऱ्याने टिपलेलं. ड्रायव्हरचा चेहरा पुसट केलेला. घाटाचा उतार. फोन वाजतो. त्याचा हात झटकन खाली जातो, चाचपडतो, मान वळते — आणि गाडी पट्टी ओलांडून पलीकडे. समोर मोटरसायकल, दोघं बसलेली. ती खडीत घुसली, आडवी होता होता वाचली. इतकं होऊन ड्रायव्हरचा आवाज अगदी रोजच्यासारखा. "हो बाबा, जेवलो."

सुनेने माझं मनगट घट्ट धरलं. पडद्यावरच्या ड्रायव्हरच्या अंगातला तो स्वेटर तिनेच विणलाय. कोपराला निळं ठिगळ.

बाई म्हणाली, "चालत्या गाडीत जास्त फोन कुणाचे येतात? मालकाचे नाही. घरचे." वाटलं, सगळ्या खुर्च्या माझ्याकडे वळल्या. कुणी बघितलंसुद्धा नाही.

घरी आल्यावर त्याला विचारलं, "बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तुम्ही दुप्पट फोन केले असते."

हसला. मला हसू आलं नाही. आता ठरलंय — मी करायचा नाही. गाडी नीट उभी केली की तो करणार. आधी मला, मग सुनेला.

१२ डिसेंबर

पुन्हा गेला. खिडकीबाहेर समोरचं घरसुद्धा दिसत नाही.

१३ डिसेंबर

मुक्कामाला पोचल्यावर त्याचा फोन आला. पण त्याआधी, दुपारी, मी लावलाच होता. वाजायच्या आत तोडला. वाजला नसेल ना? त्याला विचारायची हिंमत झाली नाही. घाटातच असणार तेव्हा.

सुनेला म्हटलं, "उद्या कामावर जाताना माझा फोन कपाटात टाक. कुलूप लाव, चावी ने."

"दारुड्याची बाटली लपवतात तसं?"

"तसंच समज."

"आणि त्याचा आला तर?"

"तो अंधार पडल्याशिवाय पोचत नाही. तोवर तू येशील."

१४ डिसेंबर

कपाटात फोन वाजतोय.

आत्ता तर दुपार आहे. अजून तो उतारावर असायला हवा. मग थांबला कशाला? की कंपनीचा आहे?

बंद झाला. सुनेला यायला अवकाश आहे. वही कपाटाच्या दारावर टेकवून लिहितोय, कान लावून.

बाळा, तूच असशील, गाडी उभी असेल, तर पुन्हा एकदा वाजव. लवकर वाजव.