राणीसाहेबांचा अपुरा स्वेटर

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींची कवळी सापडली का? (नसेल तर उशीच्या अभ्र्यात बघ. मागच्या वेळी तिथेच होती.) मी बरा आहे. म्हणजे जेवतो, कामावर जातो आणि कुणी विचारलं तर बरा आहे म्हणतो.

राजवाड्याचं संग्रहालय झाल्यापासून मी तिथल्या वस्तूंखालच्या चिठ्ठ्या लिहितोय, हे तुला माहीत आहेच. आमची ही रोज दुपारी डबा घेऊन यायची आणि माझं जेवण होईपर्यंत राणीसाहेबांच्या दालनात (तिथे गार असतं) स्टुलावर बसून माझा स्वेटर विणायची. तूच शिकवलेली ती जाळीची वीण. एक बाही झाली आणि ही गेली; विणकाम तिथेच स्टुलावर राहिलं. मी महिनाभर रजेवर होतो. तेवढ्यात नवे साहेब आले, त्यांनी दालनातली वस्तू न् वस्तू मोजली, आणि मी परतलो तर स्वेटर काचेच्या कपाटात, क्रमांक चारशे बारा. "चिठ्ठी तुमच्याच अक्षरात हवी," म्हणाले. मी काचेला हात लावून उभा राहिलो. साहेबांना वाटलं, कौतुकाने गहिवरलो. शेवटी लिहिलं, 'राणीसाहेबांनी स्वहस्ते विणलेला स्वेटर (अपुरा)'.

आठ दिवसांनी धीर करून खरं सांगितलं. साहेब माणूस भला, पण नियमाचा पक्का. क्रमांक पडला की वस्तू सरकारची, पुरावा असेल तर आणा म्हणाले. मी घरून त्याच शेवाळी लोकरीचा उरलेला गुंडा नेला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरून निरखला, खूश झाले आणि त्यालाही क्रमांक दिला. चारशे तेरा. ताई, मला आधी हसू आलं, मग जिन्याखाली बसून मी खूप रडलो.

एकतीस तारखेला मी निवृत्त होतोय. बाकी ठीक.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. तसाच एका बाहीचा स्वेटर विणून लवकर पाठव. कपाटाची किल्ली एकतीसपर्यंत माझ्याकडे आहे, गुपचूप अदलाबदल करीन. (गळा घट्ट ठेव. हिने माझ्या डोक्याचं माप कधी घेतलंच नाही.)

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवण्याआधी दालनात जाऊन आलो. नको विणूस. पस्तीस वर्षांच्या संसारात मी हिला एकदाही राणी म्हटलं नाही, आणि आता माझ्याच अक्षरात लिहिलंय. राहू दे. तू फक्त एकतीसनंतर ये. यापुढे मलाही तिकीट काढून आत जावं लागेल, आणि एकट्याने जाववणार नाही.