अकराशे एकोणतीस

तुरुंग, नदीपलीकडे
४ मार्च

प्रिय एर्मिनियाताईस,
सा. न. वि. वि. इथल्या स्वयंपाकघरात कामाला येणाऱ्या प्लासिदा मावशीच्या टोपलीतले चिपा पाव पोचले, खाली दडवलेलं तुझं पत्रही.

इथे ओव्हेलार नावाचा नवा कॅप्टन आलाय. सकाळच्या मोजणीला त्याला सगळ्या ओळी सारख्या लागतात. ओळी दोन असोत की पन्नास, एकही माणूस उरता कामा नये. काल आम्ही ११५१ होतो. सात-सातच्या, अकरा-अकराच्या, तेवीस-तेवीसच्या ओळी लावून झाल्या. दर वेळी कोणीतरी उरलाच. कॅप्टन म्हणाला, की भागाकारात बसत नाही तो माणूस जादा. टोकाला कांदिदो म्हातारा उभा होता. त्याला लोखंडी नळीनं मरेपर्यंत मारलं. मग ११५० उरले आणि पन्नास ओळी चोख लागल्या.

मी सहावीपर्यंत शिकलोय हे कळल्यावर हिशेब माझ्याकडे आलाय. चुकलो तर जादा माणूस मीच. संख्येला भाग जातो की नाही, हे झटपट कसं ओळखायचं?

माया पातळ होऊ देऊ नकोस.
एलिहिओ


११ मार्च

चि. एलिहिओस अ. उ. आ.

डोळे पुसून लिहितेय. नखं खाणं सोड आणि नीट वाच. दोन, तीन, पाच, सात अशा मूळ संख्यांनीच भागून बघ. चौतीसला चौतीसनं गुणलं की ११५६ होतात, तुमच्या आकड्याहून जास्त, म्हणजे तेहतीसच्या पुढे जायचं कारण नाही. पण २९ ला कंटाळून थांबशील, तुझी सवय मला ठाऊक आहे, ३१ राहतो.

आणि एवढ्या मोठ्या मूळ संख्येतून एक काढला की सम संख्या उरते, तशी एक घातला तरी समच होते. माणूस मारायचा कशाला, स्वतःच ओळीत उभा राहा म्हणावं त्या कॅप्टनला! सांगू मात्र नकोस, गंमत केली. जिवाला जप.

तुझी ताई


२० मार्च

प्रिय ताईस, सा. न.

सोमवारी तिघे सुटले आणि ११४७ राहिलो. कॅप्टननं माझ्या शेजारच्या बेनिग्नोची मान धरली होती. मी ओरडलो, की ३१ ओळी, ३७ माणसं. बसल्या! बेनिग्नोचे दोन दातच गेले. तेव्हापासून तो मला प्रोफेसर म्हणतो.

काल दोन टोळ्यांत सुऱ्या चालल्या. अठरा प्रेतं मी दोनदा मोजली. उरले ११२९. आज सकाळी ३१ पर्यंत सगळ्यांनी भागून पाहिलं. भाग जात नाही. कॅप्टन म्हणाला, की शहाण्या, आज जादा माणूस तूच निवड. मला कोणाचंच नाव घेता येईना. तोंडातून तुझी गंमत निसटली, की साहेब, तुम्ही उभे राहिलात तरी जमतंय.

त्यानं माझ्यावर नळी उगारली. पण बेनिग्नोनं ऐकलं होतं, मागच्यांनीही. त्यांनी कॅप्टनला उचलून ओळीत उभं केलं. पहारेकरी पळाले. आम्ही ११३० झालो, ताई. दहा ओळी, दर ओळीत एकशे तेरा. मी नीट तपासलं.

मग त्यांनी त्याची नळी घेतली. मी थांबा म्हणालो नाही.

फाटकाबाहेर सैन्याच्या गाड्या उभ्या आहेत. स्वयंपाकघरातल्या बायकांना बाहेर सोडणार आहेत, त्यांच्याबरोबर हे पत्र देतोय. बेनिग्नो विचारतोय, की प्रोफेसर, आता किती. मी पुन्हा मोजलं. ११२९ आहोत.

एवढं वाचूनही लोभ उरला, तर राहू दे.
तुझा
एलिहिओ